तुमची माणसं बाहेरच आहेत

सोमवार, दुपार

प्रिय शेपटे,

तुझा जुनाच पत्ता आहे माझ्याकडे. घर बदललं असशील तर हे पत्र कुणा परक्याच्या हाती पडेल आणि त्याची फुकटात करमणूक होईल. होऊ दे. फोन मी करणार नाही. फोनवर आवाज फुटला की सावरता येत नाही, आणि तू लहानपणापासून कान टवकारून बसणारी.

विशेष काही नाही. पोटात एक गाठ निघाली आहे, ती काढायची. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच थिएटरमध्ये. मी निवृत्त झाले म्हणून ते थिएटर माझं नाही, असं कुणी म्हणून तर बघावं. सर्जन चांगला आहे. शिकाऊ होता तेव्हा नखांपासून कोपरापर्यंत हात कसे धुवायचे ते मीच त्याला शिकवलं, म्हणजे माझ्या पोटात निदान स्वच्छ हात जातील. "काय आहे ते उघडल्यावर कळेल, सिस्टर," एवढंच तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून मी कितीदा ऐकलं आहे! म्हणताना तो नेहमी फायलीत बघतो. या वेळीही फायलीतच बघत होता.

तू यायची काही गरज नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर सगळं टाकून धावत येशील. किंवा येणार नाहीस, आणि मग मला तेही कळेल.

घर आवरून ठेवलं आहे. पडदे धुतले, माळा झाडला, बाबांच्या खोलीतली खाट शेवटी काढून टाकली. किल्ली मागच्या दाराशी कुंडीखाली आहे. म्हणजे लागलीच कधी, तर असावं माहीत.

एकच विचारायचं होतं. बाबांना तू त्या दिवशी काय सांगितलंस?

बाबा लुळे पडल्यापासून त्यांचं सगळं मी केलं, हे तुला कुणी सांगायला नको. तू शेवटच्या आठवड्यात पिशवी खांद्याला लावून उगवलीस. त्या दुपारी म्हणालीस, "ताई, जरा चहा टाकतेस?" मी चहा टाकायला गेले. परत आले तर दिवसभर शिव्या घालणारा तो माणूस गप्प पडला होता. डोळे ओले, आणि चेहरा असा की आपल्या घरात तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी गेले. कबरस्तानाच्या फाटकात तू मला म्हणालीस, "ताई, बाबांचं तारण झालं गं." त्यावर मी काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. ते मी मागे घेत नाही.

फक्त शब्द सांग. काय बोललीस त्यांच्याशी? थिएटरला जायच्या आधी कळलं तर बरं होईल.

तुझी,
ताई


बुधवार, संध्याकाळ

शेपटे,

पहिलं पत्र तुला मिळायच्या आत दुसरं लिहिते आहे. करणार काय, बसवत नाही. आज भरती झाले. खिडकीजवळची खाट मिळाली, ओळखीचा तेवढाच फायदा. परवा सकाळी ऑपरेशन.

मला वाटलं होतं, आयुष्य थिएटरच्या दारांच्या आत काढलं, मला कशाची भीती? पण मी तिथे कायम उभी होते गं. आज एका मुलीने ट्रॉलीवर घालून तपासणीला नेलं, तेव्हा पहिल्यांदा त्या दारांच्या आतलं छत पाहिलं. पाण्याचे डाग, एक बंद पडलेला दिवा, कुणाचंच लक्ष नसलेलं. आडवं पडलं की सगळे आपल्याशी मोठ्याने आणि गोड बोलतात. मीही तसंच बोलायचे. हात गार पडले आहेत ते अजून गारच आहेत.

माझं काम काय होतं, ते तुला नीट कधी सांगितलं नाही. थिएटरच्या दाराशी जमिनीवर लाल पट्टा आहे. नातेवाईक तिथपर्यंतच. पट्ट्याच्या आत माणूस आला की त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचं. घड्याळ, अंगठी, चष्मा, कवळी, केसांतल्या पिना. नखांचा रंगसुद्धा पुसायचा. कुणी कितीही मोठा असो. एक बडे अधिकारी कवळी काढेनात, म्हणाले, "माझी काही इज्जत आहे की नाही?" मी म्हटलं, "आहे ना साहेब, पण ती बाहेर ठेवून या." माझा वचक होता. पोरी मला पाठीमागे फौजदारीण म्हणायच्या. मला ऐकू यायचं, आणि आवडायचंही.

आणि सगळं काढून घेतलं की माणूस थरथरायला लागतो. थंडीने नाही. त्या वेळी म्हणायचं एक वाक्य आम्हाला ठरलेलं होतं. हात धरायचा आणि म्हणायचं, "घाबरू नका. तुम्हाला काही करायचं नाहीये. तुमची माणसं बाहेरच आहेत."

बाहेर कित्येकदा कुणीच नसायचं, शेपटे. कुणी चहाला गेलेलं, कुणी आलेलंच नाही. मी कधी बघायला गेले नाही. तरी म्हणायचे. आणि ती माणसं शांत व्हायची.

आज दुपारी चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. मी त्यांना सरळच विचारलं, "साहेब, मी गेले तर माझं काय?" ते हसले. म्हणाले, "अहो बाई, तुम्हाला कसली काळजी? तुमची सेवा सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. वेदीवरची वस्त्रं कोण धुतं? आजाऱ्यांकडे कोण जातं? वडिलांचं केवढं केलंत!" प्रार्थना केली आणि गेले. रविवारी व्यासपीठावरून हाच माणूस घसा फोडून सांगतो की कृत्यांनी कुणाचं तारण होत नाही, कृपेनेच होतं. आणि खाटेजवळ आला की माझी कृत्यं मोजून दाखवतो. चांगला आहे बिचारा, मला धीर द्यायला आला होता. पण तो गेल्यापासून माझी झोप उडाली आहे. कारण माझी सेवा आतून कशी दिसते, ते त्याला कुठे माहीत आहे?

बाबांच्या पाठीला मी एक व्रण पडू दिला नाही. दर दोन तासांनी कूस बदलली, पावडर लावली, भरवलं, पुसलं. दात ओठ खाऊन केलं सगळं. मनात एकच चालायचं: बघा, तुम्ही आम्हाला काय दिलंत आणि मी तुम्हाला काय देते आहे. त्यांना ते कळावं म्हणूनच इतकं चोख करायचे. आता ते देवासमोर ठेवायचं म्हणते, तर त्याचा वास मलाच येतो.

आणि ते जर चालणार नसेल तर मग माझ्याकडे आहे काय?

ताई


शुक्रवार, दुपार

शेपटे,

ऑपरेशन पुढे ढकललं. रक्तदाब चढला म्हणून. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, आज नको, पुढच्या गुरुवारी बघू. बाकी ठीक. काळजी करू नकोस.

ताई


शनिवार, सकाळ

शेपटे,

काल लिहिलं ते खोटं नाही, पण खरंही नाही. रक्तदाब चढला, हे खरं. कशाने चढला ते सांगते. हसायचं असेल तर हस, इथे सगळे तोंडावर रुमाल धरून हसतच आहेत.

मंडळीने मला सेवेबद्दल एक बिल्ला दिला होता. पितळेचा, छोटासा, वर दिवा कोरलेला. तू गेल्यानंतरची गोष्ट, तुला ठाऊक नसेल. दर रविवारी मी तो लावते. गुरुवारी रात्री तो उशीखाली घेऊन पडले होते आणि डोक्यात आलं, उद्या जर मी परत आले नाही, तर मला तिकडे ओळखणार कोण? चष्मा नाही, दात नाहीत (खालचे माझे खोटे आहेत, तुला माहीत नसेल), केस टोपीत, अंगावर पाठीमागे उघडा गाऊन. असं कुणीही असतं. देव म्हणेल, ही कोण म्हातारी? तेव्हा हातात काहीतरी दाखवायला नको?

आणि मी, मी, जिने आयुष्यभर लोकांच्या अंगावरची पिन न् पिन काढून घेतली, तिने तो बिल्ला चिकटपट्टीने तळपायाला चिकटवला. पायाच्या खोलगट भागात. मला पक्कं ठाऊक होतं की हात बघतात, गळा बघतात, तोंड उघडायला लावतात. धातू अंगावर राहिला तर कॉटरीच्या, म्हणजे रक्त थांबवायच्या यंत्राच्या, विजेने चटका बसून कातडी जळते, हेसुद्धा मला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी चिकटवला. वर मोजा चढवला.

थिएटरची सिस्टर आता जी आहे तिला मी वादळ म्हणते. माझ्याच हाताखाली शिकली, कायम धावत असते, ट्रॉलीला धडकल्याशिवाय वळत नाही. तिने कवळी घेतली, चष्मा घेतला, पिना काढल्या. मग पायाशी गेली आणि मोजा ओढला.

"हे काय?" ती म्हणाली.

मी पाय आखडून घेतला.

"ताई, पाय शेवटी बघायचे, माणसं पायात लपवतात, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?"

ओरडली नाही गं ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हलक्या हाताने पट्टी सोडवली आणि बिल्ला तळहातावर धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि मला काय झालं कोण जाणे, मी त्या हातावर झडपच घातली. "दे तो! माझा आहे!" असं काहीतरी ओरडले. दातांशिवाय ओरडले, म्हणजे काय ऐकू गेलं असेल देव जाणे. यंत्र टिक टिक करायला लागलं, भूल देणारे धावले, सर्जनने मान हलवली आणि मला होती तशी ढकलत परत आणलं.

शिकवलेल्या पोरीसमोर मी बिल्ल्यासाठी भांडले. लाज वाटते आहे, पण लाजेपेक्षा भीती मोठी आहे. ट्रॉलीवर पडल्या पडल्या मला फाटकातलं माझं बोलणं आठवलं. आठवतंय ना तुला? मी म्हटलं होतं, "त्या माणसाला फुकटात स्वर्ग मिळत असेल, तर तुझा देव भोळसट आहे. मला नाही यायचं तिथे." मोठ्याने म्हटलं होतं, पाळकांच्या देखत. तेव्हा खूप बरं वाटलं होतं.

आता वाटतं, देवाने ते शब्दशः घेतलं असेल तर?

तुझं उत्तर आलं नाही. डाक दुपारी येते. मी काही वाट बघत नाही.

ताई


मंगळवार

शेपटे,

तुझं पत्र काल आलं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने चालून गेल्यासारखं. तीनदा वाचलं आणि मग उशीखाली, बिल्ल्याच्या जागी ठेवलं. बिल्ला वादळने आणून दिला होता, तो खणात आहे.

तू लिहितेस की तू विशेष काही बोललीच नाहीस. बाबांनीच विचारलं, "मी तिकडे काय घेऊन जाऊ? माझ्याकडे तर काहीच नाही. आहे ते सगळं लाजेचं." आणि तू म्हणालीस, "काही न्यायचं नाही, बाबा. जे करायचं होतं ते येशूने करून ठेवलंय. तुम्ही नुसता भरवसा टाका त्याच्यावर." खाटेचा कठडा त्यांनी एका हाताने गच्च धरून ठेवला होता, तो तू बोट बोट करून सोडवलास. मी रोज तो हात सोडवायचे, शेपटे. चादर बदलायला. तो परत धरायचा. तू सोडवल्यावर धरला नाही, असं तू लिहितेस.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, ठीक आहे, म्हाताऱ्याला स्वस्तात सुटका मिळाली. पण पुढचं वाचलं आणि पत्र हातातून खाली पडलं. त्यांनी तुला विचारलं, "तिकडे ताईपण येईल ना गं? मग मी तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?"

म्हणजे त्यांना माझी भीती वाटत होती! मी इकडे इतकी वर्षं चरफडते आहे की स्वर्गात त्या माणसाच्या शेजारी बसावं लागेल, आणि ते तिकडे जायच्या आधी घाबरले होते की मी भेटेन. माझ्याशी ते बोलायचे नाहीत, तोंड फिरवायचे. मला वाटायचं, एवढं करूनही यांना माझी किंमत नाही. ते लाजेने तोंड फिरवत होते का गं? आणि हे तू मला सांगितलं नाहीस. कशी सांगणार म्हणा, मी फाटकातच तुझी बोलती बंद केली.

तू त्यांना दिलेलं उत्तर मात्र मला झोंबलं. "ताईसुद्धा तशीच येईल, बाबा. तुमच्यासारखीच, रिकाम्या हाताने." वाचून मला तुझा असा राग आला की तू समोर असतीस तर कान उपटला असता. माझे हात रिकामे? या हातांनी मी काय काय उपसलं! तो माणूस आणि मी एका मापात?

राग संध्याकाळपर्यंत पुरला. मग वादळ रक्तदाब बघायला आली. पट्टा बांधताना म्हणाली, "ताई, मूठ सोडा." मला माहीतच नव्हतं की माझी मूठ वळलेली आहे. किती वेळ वळलेली होती कोण जाणे, बोटं दुखत होती. मूठ सोडली. आत काहीच नव्हतं.

मी तिला म्हटलं, "अगं, आत काही नाही बघ." ती म्हणाली, "मग इतकी कशाला आवळलीत?" आणि पुढच्या खाटेकडे धावली.

घाबरले आहे अजून. तुझा भरवसा मला तुझ्यासारखा जमत नाही. तू लहानपणी माळ्यावरून डोळे मिटून माझ्या अंगावर उडी मारायचीस, मी झेलीन की नाही हे न बघता. मी कधी कुणाच्या अंगावर उडी मारली नाही. झेलणारी मीच होते. मला आता या वयात उडी मारायची कशी ते ठाऊक नाही. काल रात्री नुसतं म्हटलं, "प्रभू, मी फाटकात बोलले ते तू मनावर घेऊ नकोस. माझ्याकडे दाखवायला काही नाही. बाबांना घेतलंस तसं मला घे." याच शब्दांत म्हटलं, वेगळे सुचले नाहीत. 'बाबांना घेतलंस तसं' म्हणताना अडखळले. पण म्हटलं. मग पुन्हा भीती वाटली, पुन्हा म्हटलं.

येतेस की नाही ते तू लिहिलं नाहीस. मी पहिल्या पत्रात नको म्हटलं होतं, खरं आहे. मी नको म्हणते तेव्हा माझं ऐकायला तुला कुणी सांगितलं होतं?

गुरुवारी सकाळी नेतील.

तुझी,
ताई


गुरुवार, सकाळ

शेपटे,

हे लाल पट्ट्याच्या आत, ट्रॉलीवर पडल्या पडल्या लिहिते आहे. असं कधी कुणाला मी करू दिलं नसतं. वादळने दिलं, म्हणाली, "लिहा, पण पटकन. मोठे डॉक्टर हात धुताहेत." धुऊ देत, वेळ लागतो त्यांना. मीच शिकवलंय.

बिल्ला सकाळी तिच्या हातात दिला. "कुठे ठेवू?" तिने विचारलं. म्हटलं, "कुठेही ठेव." तिने तरी पाय बघितले. शाब्बास.

कवळी दिली. पिना दिल्या. अंगात कापरं भरलं आहे, अक्षरावरून दिसतच असेल. आज माझंही कोंबडीने चालून गेल्यासारखं झालं. भीती गेली असं लिहिणार नाही, गेलेली नाही. तोंडाने तेच ते म्हणते आहे, बाबांना घेतलंस तसं.

आत्ता वादळने माझा हात धरला आणि म्हणाली, "घाबरू नका ताई. तुम्हाला काही करायचं नाहीये. तुमची बहीण बाहेरच आहे."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. हे वाक्य मीच हिला शिकवलं आहे. कसं म्हणायचं, आवाज कुठे उतरवायचा, सगळं. दाराला काचेची पट्टी आहे. कोपरावर उठून मान वळवली तर पट्ट्यापलीकडचा बाक दिसतो. किंवा नुसतं "खरंच?" म्हणून विचारलं असतं, तरी तिचा चेहरा मला वाचता आला असता. ओठांवर आलं होतं.

मी विचारलं नाही. वळूनही बघितलं नाही. पडून राहिले, छत बघत. तो बंद दिवा अजून बंदच आहे.

ती चष्मा मागते आहे आता. चष्म्याशिवाय मला पुढची ओळ दिसणार नाही, म्हणून आवरते. बाबा भेटलेच तर मी आधी बोलेन, त्यांना तोंड लपवायला लावणार नाही.

वादळ विचारते आहे, "ताई, पत्राला तिकीट लावून पेटीत टाकू का?"

मी म्हटलं, "तिकीट कशाला? बाहेर आहे ना ती? तिच्या हातात दे."

पेन तेवढं राहिलंय. तेही देते.

ताई